साडूपेक्षा एक कॅमेरा जास्त

घर राखावं तर माझ्यासारख्यानं! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. मी बसडेपोत वेळापत्रकं बनवतो. कुठली गाडी कुठे आहे, कुठली रखडली, कुठला ड्रायव्हर स्टॉप न घेताच पुढे गेला, हे सगळं मला खुर्चीत बसल्या बसल्या कळतं. घरातही तसंच. शेगडी बंद आहे ना हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येतो. कुलूप लावलं की ते इतक्या वेळा ओढून बघतो, की शेजारचे निवृत्त ड्रिलमास्तर आतून ओरडतात, "अहो, दार हातात येईल!" तेव्हा घरावर नजर ठेवायला कॅमेरे लागतात ते बाकीच्यांना. मला ते लागले साडूमुळे!

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही, आणि हीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट आहे. भांडावं म्हटलं तर कारणच देत नाही! उंच आहे, डोक्यावरचे केस शाबूत आहेत, हसला की समोरचाही हसायला लागतो. चष्म्याचं दुकान आहे. लोक नंबर तपासायला म्हणून जातात आणि तासभर गप्पा मारून, दोन चष्मे घेऊन येतात. मी कोणाशी तासभर बोललो तर तो माणूस पुढच्या वेळी मला बघून रस्ता ओलांडतो.

तर एकदा सासऱ्यांकडे आम्ही सगळे जमलो होतो. चहा झाला आणि साडूनं खिशातून मोबाइल काढला.

"बघा, आमचं घर! आत्ता, या क्षणाला!"

मोबाइलवर एक रिकामा सोफा दिसत होता. बस! सोफ्यावर कोणी नाही, पंखा बंद, टीव्ही बंद. पण अख्खी सासरवाडी त्या सोफ्यावर अशी वाकली होती, की जणू आता त्यातून काहीतरी निघणार आहे. सासरे मला लग्नापासून एकच प्रश्न विचारत आलेत, "गाडी वेळेवर होती का?" तेच सासरे साडूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! काय डोकं आहे!" आणि माझी बायको म्हणाली, "अगं बाई, किती छान! बाहेर गेलं तरी घरची काळजी नको." आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो! पण मी स्वयंपाकघरात खपून एकट्यानं लावलेल्या फळीला ती कधी "किती छान" म्हणाली नव्हती! ("वाकडी आहे" असं मात्र म्हणाली होती.)

मी जळलो. आता तुमच्यापासून काय लपवायचं? घरी येईपर्यंत मी मोबाइलवर कॅमेऱ्यांच्या किमतीच बघत होतो.

दुसऱ्याच दिवशी मी कॅमेऱ्यांच्या दुकानात हजर. दुकानदार भला माणूस होता. त्यानं मला बसवलं आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"घराला बाहेरून दारं किती?"

"ते राहू द्या. तुमच्याकडे लोक साधारण किती कॅमेरे नेतात?"

"साहेब, ते घरावर असतं. दोन नेतात, तीन नेतात. बाहेरगावी किती दिवस जाता? इंटरनेट मध्येच जातं का? वायरचा हवा की बॅटरीचा? चित्रीकरण कॅमेऱ्यातल्या कार्डावर ठेवायचं की—"

"चार असतील तर?"

"कोणाकडे चार?"

"आहेत एकाकडे."

"बरं," दुकानदार जरा विचारात पडला. "पण साहेब, तुम्हाला नेमका धोका कुठून वाटतो? पुढच्या दारातून की मागच्या?"

"सासरवाडीकडून," मी म्हणालो.

त्यानं सरळ किमतींचा तक्ता पुढे केला. तो अनुभवी होता.

शेवटी मी पाच घेतले. साडूच्या कॅमेऱ्यातून नुसतं दिसतं. माझ्यातून बोलताही येतं! साडूच्या कॅमेऱ्याला दारात कोण आलं ते कळत नाही. माझे कॅमेरे चेहरे ओळखतात! घरातल्या माणसांचे चेहरे एकदा शिकवून ठेवायचे, म्हणजे कोण आलं ते नावानिशी मोबाइलवर येतं. परका असेल तर तसं येतं. शिवाय एक भोंगा आहे. मोबाइलवरचं बटण दाबलं की घरात असा काही बोंबलतो, की चोर तर पळेलच, पण शेजाऱ्यांनाही घर बदलावंसं वाटेल. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्या घराला एक दारावर आणि एक हॉलमध्ये पुरे झाला असता." मी म्हटलं, "मला पुरून चालणार नाही."

कॅमेरे लागले. दोन हॉलमध्येच लावले, कारण हॉल त्यातल्या त्यात बरा दिसतो. आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं केलं आणि साडूला ते दिसलंच नाही, तर काय उपयोग? म्हणून मी त्याला घरी बोलावलं. आणि अॅपमध्ये 'घरातील सदस्य' अशी एक जागा होती, तिथे बायकोच्या नंबराखाली त्याचाही घालून टाकला. म्हणजे त्यालाही माझं घर दिसेल, पाचही बाजूंनी दिसेल! दुकानात बसून येता जाता बघेल आणि मनातल्या मनात झुरेल, असा माझा साधा हिशेब होता.

साडू आला, सगळं फिरून बघितलं आणि म्हणाला, "दादा, तोडच नाही! माझे तर यापुढे खेळणी आहेत."

जळला नाही! एवढासुद्धा नाही! मनापासून खूश झाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग चेहरे शिकवायचा कार्यक्रम झाला. मोबाइल मी धरला होता. बायकोला उभं केलं, मान डावीकडे, मान उजवीकडे, झालं. आम्ही सहलीला गेल्यावर मांजराला खायला घालायला ड्रिलमास्तर येणार होते, म्हणून त्यांना बोलावलं. ते सावधान पोझमध्ये उभे राहिले आणि मी "मान वळवा" म्हटल्यावर अख्खे वळले. साडू म्हणाला, "माझाही घ्या, दादा, आता मी सदस्य आहे ना!" त्याचाही घेतला. यादीत तिघांची नावं आली, 'बायको', 'मास्तर', 'साडू'. मी समाधानानं मोबाइल खिशात टाकला.

एवढ्यात बोका आला. बोका आमच्याकडे दोन वर्षं आहे. त्याला मी पावसातून उचलून आणलाय, डॉक्टरकडे नेलाय, त्याच्यासाठी ओरखडे खाल्लेत. या दोन वर्षांत तो माझ्या मांडीवर एकदाही बसलेला नाही. मी सोफ्यावर बसलो की तो उतरतो. त्या दिवशी तो सरळ चालत गेला आणि साडूच्या मांडीवर चढून गुरगुरायला लागला.

"काय रे शोन्या!" साडू म्हणाला.

"त्याला माणसं कळतात," बायको म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या वाकड्या फळीकडे बघत बसलो.

आणि मग आम्ही समुद्रावर गेलो. खरं तर ही सहल बायकोची होती. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघंच कुठेतरी निघालो होतो. नाहीतर डेपोतून मला सुट्टी मिळायची तेव्हा तिला नसायची, तिला असायची तेव्हा मी कोणाच्या तरी जागी उभा. तिनं नवी टोपी घेतली होती, माझ्यासाठीही घेतली होती. बसमध्ये ती म्हणाली, "मला काही नको. आपण नुसतं शेजारी शेजारी बसायचं आणि समुद्र बघायचा. तुम्ही, मी आणि समुद्र. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला. हॉलमधला पडदा हलला होता.

वाळूत दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. बायको म्हणाली, "बघा, बघा, केवढी लाट!"

मी बघतच होतो. मास्तर दार उघडून आत आले होते. त्यांनी बोक्याच्या वाटीत खाणं घातलं, आणि ती वाटी फरशीच्या रेघेला समांतर लावली. मग कुंड्यांना पाणी घातलं, आणि सगळ्या कुंड्या उंचीप्रमाणे उभ्या केल्या. मग ते चक्क माझ्या खुर्चीत बसले. माझ्या! आणि बोका उडी मारून त्यांच्याही मांडीवर!

"अगं, हे बघ!" मी किंचाळलो. "सगळ्यांकडे जातो! सगळ्यांकडे! फक्त—"

"समुद्र तिकडे आहे," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही आम्ही तिथेच बसलो होतो. म्हणजे ती समुद्राकडे तोंड करून, आणि मी मोबाइलकडे. बोका हॉलमध्ये कॅमेऱ्यासमोर एकटाच बसला होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. मास्तर नाहीत, साडू नाही. मी बोलायचं बटण दाबलं आणि गळ्यात होती नव्हती तेवढी माया आणून म्हणालो, "बोक्याऽ, ए बोक्याऽ! मी आहे रे!"

बोक्यानं एक डोळा उघडला, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि मिटला.

तोच त्याच कॅमेऱ्यातून दुसरा आवाज आला. "ए शोन्या!"

बोका ताडकन उठला, शेपटी उभी करून धावत आला आणि कॅमेऱ्याला गाल घासायला लागला. मोबाइलवर मला नुसत्या मिशाच मिशा दिसायला लागल्या.

"तू काय करतोयस माझ्या घरात?" मी ओरडलो.

"दादा? अरे वा, तुम्हीपण आलात?" साडू म्हणाला. "मी दुकानात आहे. गिऱ्हाईक नाही, म्हटलं शोन्याला भेटून यावं. रोज येतो मी या वेळेला."

"रोज!"

"हो ना. वाट बघत बसतो हो तो."

"त्याचं नाव शोन्या नाही! बोका आहे!"

"दादा, ते काय नाव झालं? उद्या मी तुम्हाला 'ए माणसा' म्हणून हाक मारली तर?"

"माझा बोका आहे! मी काहीही म्हणेन! आधी तू घराबाहेर हो!"

"मी दुकानात आहे, दादा."

"मग दुकानाबाहेर हो!"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. वाळूत खेळणारं एक कुटुंब आपली चटई उचलून लांब गेलं. बायको काहीतरी म्हणत होती. "अहो, जेवायला तरी चला." मग थोड्या वेळानं, "अहो, मी काय म्हणतेय?" मी हातानंच तिला थांबवलं. इथे माझ्या घराचा ताबा कोणाकडे हा प्रश्न होता!

आता गंमत अशी, की आमचं हे भांडण मी समुद्रावर आणि साडू दुकानात असं चाललेलं असलं, तरी ते ऐकू येत होतं आमच्या हॉलमध्ये. खिडकी उघडी होती. शेजारी ड्रिलमास्तर पेपर वाचत बसले होते. त्यांना एवढंच कळलं, की कुलूपबंद घरात दोन पुरुष एकमेकांना "बाहेर हो, बाहेर हो" म्हणतायत.

दार धाडकन उघडलं. एका हातात काठी, तोंडात शिट्टी. मास्तरांनी अशी शिट्टी मारली, की माझ्या मोबाइलचाच आवाज गेला की काय असं मला वाटलं.

"आत जे कोणी असाल ते एका रांगेत बाहेर या!" मास्तर गरजले. "उंचीप्रमाणे!"

उंचीप्रमाणे म्हटल्यावर बुटका म्हणून माझा नंबर पहिला, हेसुद्धा मला तेव्हा झोंबलं, बघा!

"मास्तर, मी आहे, मी!" मी ओरडलो.

"कुठे लपलायस? सोफ्याखाली?" मास्तरांनी सोफ्याखाली काठी घातली. बोका पडद्यावर चढला. पडदा दांडीसकट खाली आला आणि मास्तरांच्या डोक्यावर बसला. मी घाबरून बोलायचं बटण दाबायला गेलो आणि दाबलं भोंग्याचं. पुढे काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण सगळ्या चित्रात पडदाच होता. ऐकू मात्र आलं. भोंगा, शिट्टी, बोका, आणि मग गल्लीतून धावत आलेली माणसं.

"अगं," मास्तर पडद्यातून बाहेर आल्यावर मी इकडे बायकोला मोठ्यानं म्हणालो, "हा माणूस माझं घर मोडणार!"

"अहो, मी निघते," बायकोचा आवाज आला.

"हं. टोपी घेऊन जा, ऊन आहे," मी म्हणालो. मान वर केली नाही. कशी करणार? भोंग्याचं बटण सापडत नव्हतं.

शेवटी भोंगा साडूनंच बंद केला. सदस्य ना तो! मग त्यानं त्या आवाजात, ज्या आवाजात तो लोकांना दोन दोन चष्मे विकतो, सगळ्या गल्लीला समजावून सांगितलं. लोक हसले. मास्तर हसले. कोणीतरी पडदा परत लावला. मास्तर कॅमेऱ्यापाशी येऊन म्हणाले, "तुमचे साडू फार छान बोलतात हो! या की एकदा चहाला." माझ्या हॉलमध्ये माझ्या कॅमेऱ्यातून साडूला चहाचं आमंत्रण! मला कोणी काही विचारलं नाही. बॅटरी संपत आली होती, म्हणून मी खोलीवर जाऊन मोबाइल चार्जिंगला लावला आणि भिंतीला टेकून उभ्यानंच पुढचं बघत राहिलो.

संध्याकाळ होत आली असेल. मोबाइल थरथरला.

'ओळखीची व्यक्ती दारात : बायको.'

मला हसूच फुटलं! एवढा भारी कॅमेरा आणि ही चूक! बायको तर इथे माझ्याबरोबर आहे! "अगं, ये, ये, गंमत बघ," मी म्हणालो आणि वळलो.

खोलीत कोणी नव्हतं. तिची पिशवी नव्हती. खुंटीवर टोपीही नव्हती. माझी टोपी तेवढी होती, अजून घडीसुद्धा न मोडलेली.

मोबाइलवर माझी बायको हॉलमध्ये आली, पिशवी खाली ठेवली आणि माझ्या खुर्चीत बसली. बोका तिच्या मांडीवर जाऊन बसला. मग तिनं डोळे पुसले. पाच कॅमेरे होते हो माझ्याकडे, आणि ती शेजारून उठून गेली ते मला दिसलं नव्हतं!

"अगं..." मी बटण दाबून म्हणालो.

तिनं वर पाहिलं. उठली, आणि हॉलमधल्या पहिल्या कॅमेऱ्याचा प्लग काढला. मग दुसऱ्याचा. मग गॅलरीतला, मग स्वयंपाकघरातला. उरला तो दाराबाहेरचा. त्यात मला माझ्याच घराचं दार दिसत होतं. बंद.

धावत बसस्टँडवर गेलो. ती दुपारच्या थेट गाडीनं गेली होती. ती गाडी वेळेवर सुटते, कारण वेळापत्रक माझं आहे. त्यानंतर संध्याकाळची एक गाडी असायची. 'प्रवासी मिळत नाहीत' असा शेरा मारून ती गेल्याच वर्षी कोणी रद्द केली, हे मी सांगायला हवं का?

सकाळच्या गाडीनं घरी पोचलो. टोपी घातली होती. बायकोनं आणलेली होती ना, म्हटलं तेवढंच दिसेल. बेल वाजवली. खिशात मोबाइल थरथरला. मी बघितला नाही. आता या जन्मात बघणार नव्हतो!

दाराबाहेरच्या कॅमेऱ्यातून बायकोचा आवाज आला. "कोण आहे?"

"अगं, मी!"

"मी म्हणजे कोण? मोबाइलवर तर 'अनोळखी व्यक्ती दारात' असं आलंय."

मी गारच पडलो. चेहरे शिकवताना मोबाइल मी धरला होता! बायको झाली, मास्तर झाले, साडू झाला, आणि माझा चेहरा घ्यायचा राहूनच गेला होता!

"अगं, टोपी काढतो, बघ! मीच आहे!"

"वळा," ती म्हणाली. मी वळलो. "मान भाजलीय तुमची. समुद्रावरून लोकांचे चेहरे भाजून येतात. तुमची मान भाजली." मग तिनं परीक्षाच सुरू केली. "दोन दिवस माझ्या शेजारी बसला होतात ना? मग सांगा, समुद्राचा रंग कुठला होता?"

"निळा!"

दार उघडलं नाही.

"हिरवट? निळसर हिरवट?" मला घाम फुटला. जिन्यात मास्तर येऊन उभे राहिले होते. माझं घर, माझी बायको, माझा बोका, सगळं त्या दारापलीकडे होतं, आणि मला समुद्राचा रंग आठवत नव्हता, कारण मी तो पाहिलाच नव्हता!

तेवढ्यात कॅमेऱ्यातून हळूच दुसरा आवाज आला.

"दादा... राखाडी. पाणी गढूळ होतं. ताई काल रात्रभर फोनवर तेच सांगत होती आमच्याकडे. राखाडी म्हणा."

काय वाटलं असेल मला! पण दार बंद होतं. मी सगळी जळजळ गिळली आणि म्हणालो, "राखाडी. होता राखाडी. आणि तू होतीस शेजारी, आणि मी पाहिलं नाही. पुढच्या वेळी मोबाइल मास्तरांकडे ठेवून येतो. शप्पथ!"

"ऐकलं बरं का मी, दुसऱ्यानं सांगितलेलं!" बायको आतून म्हणाली. पण हसत म्हणाली. कडी निघाली. मी आत पाऊल टाकलं. बोका माझ्याकडे बघून खुर्चीवरून उतरला आणि आत निघून गेला. मीही निमूटपणे पिशवी खाली ठेवली.

खिशात मोबाइल पुन्हा थरथरला. शप्पथ नुकतीच घेतली होती, तरी हात गेलाच.

'सावधान! अनोळखी व्यक्ती घरात शिरली आहे.'